बेने इस्राएलांची मातृपरंपरा

मातेस मान द्यावा ही आज्ञा बहुतेक सर्व धर्मग्रंथांत आढळते. परंतु ग्रंथच हातीं नसतां ज्या मातांनीं धर्म राखिला, त्यांचें उदाहरण विरळा. तें आपल्या कोंकणपट्टींत बेने इस्राएल समाजांत घडलें. हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं त्याचा विशेष विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

प्रथम ग्रंथाज्ञा पाहूं. यहुदी धर्मशास्त्रांतील दहा आज्ञांपैकीं पांचवी मातापित्यांच्या सन्मानाविषयीं असून तींत पित्याचा निर्देश प्रथम आहे. लेवीय ग्रंथाच्या १९ व्या अध्यायांत मात्र उभयतांचें भय बाळगावें असें सांगतांना माता प्रथम येते. ताल्मूदकारांनीं या क्रमभेदाची केलेली चर्चा आमच्या मीमांसकांस शोभण्यासारखी आहे. गोड शब्दांनीं समजाविणाऱ्या आईस मूल स्वभावतःच अधिक मानतें, म्हणून मानाच्या आज्ञेंत बाप पुढें. शिकविणाऱ्या बापास तें अधिक भितें, म्हणून भयाच्या आज्ञेंत आई पुढें. तात्पर्य, उभयतांचा अधिकार सारखा. राव योसेफ नांवाचे आचार्य तर मातेचीं पाउलें वाजतांच ईश्वरी सान्निध्य जवळ आलें असें मानून उठून उभे राहत. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लींतही पूज्यांच्या क्रमांत मातेचें स्थान पहिलें आहे, हें वाचकांस स्मरेलच.

आतां कोंकणाकडे वळूं. या समाजाच्या परंपरेप्रमाणें अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या. धर्मग्रंथ समुद्रांत गेले. वंशजांनीं तेल गाळण्याचा धंदा केला व शनिवारीं घाणा बंद ठेविला, म्हणून ते ‘शनवार तेली’ म्हणविले गेले. पुढें दाविद राहाबी नांवाचा यहुदी तेथें आला. त्याचा काल वादग्रस्त आहे. कोणी तो इसवी सन १००० च्या सुमाराचा मानितात, कोणी कोचीनच्या राहाबी घराण्याशीं जोडून अठराव्या शतकांत आणितात. परंतु कथेचा गाभा एकच. हे लोक खरोखर यहुदी काय, हें पाहण्यासाठीं त्यानें स्त्रियांपुढें नाना जातींचे मासे ठेवून ते रांधण्यास सांगितलें. त्यांनीं पर व खवले असलेले मासे वेगळे काढिले आणि बाकीचे आम्ही खात नाहीं, असें सांगितलें. धर्मशास्त्राचा नेमका हाच नियम होय. समाजाच्या ओळखीचा पुरावा पोथींत नव्हे, चुलीपाशीं सांपडला!

सणांचीं जुनीं मराठी नांवेंही हेंच सांगतात. खिरीवरून ‘खिरीचा सण’, आंबट रसाचें भांडें झांकण्यावरून ‘अनशी ढांकण्याचा सण’, बिरड्यावरून ‘बिरड्याचा रोजा’. हीं नांवें पंडितांनीं ठेविलेलीं दिसत नाहींत. तीं स्वयंपाकघरांत रुळलेलीं आहेत. मुंबईंत या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ सालीं झालें. मराठी भाषांतरासह हगादा १८४६ त मुंबईस शिळाछापावर निघाली. १८७४ च्या पुणें येथील हगादेंत सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या लुगडें नेसलेल्या स्त्रियांचीं चित्रें आहेत. छापील ग्रंथ आला तेव्हां त्यानेंही त्या मातांस आपल्या पानावर जागा दिली. हाईम शमुवेल केहिमकर यांनीं १८९७ सालीं लिहून पूर्ण केलेला समाजेतिहास १९३७ त तेल अवीव येथें प्रसिद्ध झाला. म्हणजे लेखनाची साधनें मागाहून आलीं. आचार आधींच होता.

मातेसाठीं वर्षांतील एक दिवस राखण्याची चाल अनेक देशांत आहे. अमेरिकेंत ॲना जार्विस यांच्या खटपटीनें १९०८ पासून हा दिवस पाळूं लागले व १९१४ त त्यास राजमान्यता मिळाली. इस्राएलांत तो शेवाट महिन्याच्या ३० व्या तिथीस, हेन्रिएटा झोल्ड यांच्या स्मृत्यर्थ ठरला. त्या १९४५ सालीं त्याच तिथीस वारल्या. स्वतःस अपत्य नसतां त्यांनीं हजारों निराधार मुलांचा सांभाळ करविला. पुढें तोच ‘कुटुंबदिन’ झाला. आम्हां तुमसरकडील लोकांस श्रावणी अमावास्या पोळ्यानें परिचित आहे. तीच तिथि पिठोरीची. त्या दिवशीं माता खिरीपुरीचें वाण पाठीमागें धरून कोण आलें तें विचारते व मूल आपलें नांव सांगून तें घेतें. येथें मूल मातेस कांहीं देत नाहीं, उलट तिच्याकडून घेतें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

घेतलेलें जपणें हाच मग मान. १९४८ नंतर बेने इस्राएलांचीं बहुसंख्य कुटुंबें इस्राएलांत गेलीं. कोंकणांतील घरें ओस पडलीं. स्त्रियांच्या हातच्या मराठी गाण्यांच्या वह्या, पदार्थांचीं मापें, सणांच्या रीति हीं साधनें दफ्तरांतील कागदांहून लवकर नष्ट होतात. कारण त्यांस कोणी साधन म्हणत नाहीं. सनदा व बखरी जमविणाऱ्या आमच्या मित्रांनीं अशी वही हातीं आल्यास ती रद्दींत जाऊं न देतां तिची नक्कल करावी व तिची मालकीण कोण, हें पहिल्या पानावर नोंदवावें, एवढीच आमची विनंति आहे.