एका खटल्याचा खर्च

डोंबिवलीहून रोज मुंबईस चाकरीसाठी जाणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांपैकी पुष्कळांनी फोर्टातील उच्च न्यायालयाची इमारत निदान बाहेरून तरी पाहिली असेल. लोकमान्य टिळकांवरील १९०८ चा राजद्रोहाचा खटला तेथेच चालला. त्या प्रसंगीचे लोकमान्यांचे धैर्य आपणां सर्वांस शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक आहे. त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. आम्हांस येथे निराळाच हिशेब पाहावयाचा आहे. हा खटला ज्या रीतीने चालविला गेला, त्या रीतीचा भार अखेर कोणाच्या माथी बसला?

‘केसरी’ पुण्यास छापला जाई आणि त्याचे संपादकही पुण्याचेच रहिवासी. परंतु खटला मुंबईस चालला. २४ जून रोजी लोकमान्यांस सरदारगृहात अटक झाली. त्यांच्या जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे राहिले. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी जामीन नाकारला. मौज अशी की, १८९७ च्या खटल्यात हेच दावर वकील या नात्याने टिळकांच्या जामिनासाठी झगडले होते, आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो मंजूरही केला होता!

१३ जुलै रोजी खटल्याचे काम सुरू झाले. खास ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी गृहस्थ होते. लेख मराठी, आणि निवाडा करणाऱ्यांपुढे मात्र त्यांची इंग्रजी भाषांतरे! आरोपीने स्वतःच आपली बाजू मांडली. एकवीस तासांहून अधिक चाललेल्या त्या भाषणात, भाषांतरात मूळ अर्थ कसा बिघडला आहे हे दाखविण्यात बराच वेळ गेला. मराठी जाणणारे नऊ जण बसविले असते, तर यातील कितीतरी श्रम वाचले असते असे आम्हांस वाटते. पण मग निकाल कदाचित निराळा लागता.

तोवर न्यायालयाबाहेर मुंबईची घडी विसकटत चालली होती. लोकांचे जमाव, पोलिसांचा व लष्कराचा बंदोबस्त, आणि खटला चालू असतानाच काही गिरण्यांतून संप. २२ जुलै रोजी न्यायाधीशांनी काम रात्रीपर्यंत लांबवून त्याच दिवशी उरकले. ते लोकांची गर्दी टाळण्यासाठीच, असे आमचे मत आहे. सात विरुद्ध दोन मतांनी आरोपी दोषी ठरला. सहा वर्षे काळे पाणी व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली, आणि त्याच रात्री लोकमान्यांस आगगाडीने अहमदाबादकडे रवाना करण्यात आले.

दुसऱ्या दिवसापासून गिरण्यांचे भोंगे वाजले तरी कामगार आत जाईनात. मूळजी जेठा मार्केटातील कापडाचा व्यवहार थांबला. सहा दिवस हा हरताळ चालला. शिक्षेच्या एकेका वर्षास एकेक दिवस, असे लोक पुढे सांगू लागले. लष्कराने व पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली. जिनीव्हात राहणाऱ्या लेनिनने त्याच वर्षी या संपाची लेखी नोंद घेतली, हे पुष्कळांनी सांगितले आहे. बुडालेल्या रोजाबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही. गिरणीतील पुष्कळ मंडळी रत्नागिरीकडची. येथे रोज बुडाला की तिकडे घरी जाणारे पैसे कमी होत, आणि तेही ऐन पावसाळ्यात, जेव्हा कणगी तळाला गेलेली असते. सरकारी वकिलाची फी तिजोरीतून निघाली; हा खर्च चाळीतल्या बिऱ्हाडांनी सोसला. तो त्यांनी आपखुशीने सोसला, हा त्यांचा मोठेपणा. त्यामुळे सरकारची जबाबदारी तिळभरही कमी होत नाही.

लोकमान्य मंडालेहून सुटले ते जून १९१४ मध्ये. ज्या दालनात शिक्षा सुनावली गेली, तेथे १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते लोकमान्यांच्या उद्गारांची शिला बसविण्यात आली. हरताळात मेलेल्यांचा वा उपाशी राहिलेल्यांचा त्या शिलेवर उल्लेख नाही.

ज्यूरीची पद्धत १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, म्हणजे १ एप्रिल १९७४ पासून, संपली. परंतु साक्षीचे समन्स आले की डोंबिवलीच्या माणसास आजही रजा टाकून कल्याणच्या न्यायालयात जावे लागते, आणि तेथे पुढची तारीख मिळाली की पुन्हा एक रजा. साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारकडून देवविण्याचा अधिकार फौजदारी न्यायालयास आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद कायम आहे. आपल्या सभासदांपैकी ज्यांना समन्स येईल, त्यांनी तो खर्च न्यायालयाकडे अवश्य मागावा.