प्रोग्रॅमची अक्षरजुळणी

आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसरहून उत्तरेकडे निघालं की जुन्नर तालुका लागतो आणि खोडदच्या बाजूला शेतांच्या वर डोकावणाऱ्या जाळीच्या तबकड्या दिसू लागतात. ही जीएमआरटी रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना; १४ खोडदच्या मध्यवर्ती भागात, उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या. या दुर्बिणीला डोळा लावून काही दिसत नाही. आकाशातून येतात ते आकडे, आणि आकड्यांचं चित्र करतो तो प्रोग्रॅम. रुता काळे आणि ईश्वर-चंद्र यांनी २०२१ मध्ये याच कामासाठी पायथनमध्ये लिहिलेली ‘कॅप्चर’ ही प्रणाली शोधनिबंधातून मांडली. खगोलशास्त्रातले असे निबंध बहुतेक लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत जुळवले जातात. म्हणजे एकाच टेबलावर दोन मजकूर तयार होतात, एक यंत्रासाठी आणि एक माणसासाठी. पहिला दुसऱ्यात छापायची वेळ आली की काय करायचं, या प्रश्नाला साठ वर्षांहून मोठा इतिहास आहे.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) १९६० साली ‘टीआयएफआरएसी’ हा संगणक रीतसर सुरू झाला. त्याच वर्षी युरोप-अमेरिकेतल्या मंडळींनी अल्गोल ६० ही भाषा जाहीर केली आणि तिच्या अहवालात एक शहाणपणाची गोष्ट नोंदवली: यंत्राला द्यायचं रूप वेगळं, छापायचं रूप वेगळं. छापताना ‘बिगिन’, ‘एंड’ हे शब्द ठळक हवेत. त्या काळचे लाइन प्रिंटर मात्र बहुधा फक्त कॅपिटल अक्षरं, तीही सगळी एकाच रुंदीची, खडखडत उमटवायचे. त्यामुळे नियतकालिकात प्रोग्रॅम द्यायचा तर तो जुळाऱ्याच्या हातूनच जायचा. इथेच घोळ होता. लेखातला एखादा खिळा चुकला तर वाचक मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. प्रोग्रॅममधला अर्धविराम गळला तर सगळंच बसतं. कोड पुन्हा हाताने जुळवायचाच नाही, चालणारी फाइल आहे तशी छपाईत न्यायची, ही गरज त्यातून आली.

बर्कलेच्या युनिक्समधल्या ‘व्हीग्राइंड’ने १९८०च्या सुमारास ते केलं. नावातच दळण आहे. गिरणीत गहू टाकावा तसा एका बाजूने कोड टाकायचा. दुसऱ्या बाजूने भाषेचे राखीव शब्द ठळक, टिप्पण्या तिरक्या, फंक्शनांची नावं समासात, असं पान बाहेर पडायचं. लाटेकसाठी त्याचाच पुढे ‘एलग्राइंड’ झाला.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांना मात्र नुसतं दळण पुरेसं वाटलं नाही. त्यांच्या प्रोग्रॅमिंगवरच्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं १९७७ मध्ये हाती आली. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांची, देखणी; ही फोटो पद्धतीची, आणि पाहवत नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःच टेक ही जुळणीप्रणाली लिहायला घेतली. (लाटेक पुढे तिच्यावरच उभं राहिलं.) टेक दुसऱ्यांदा लिहिताना त्यांनी ‘वेब’ पद्धत काढली. (इंटरनेटवालं वेब नंतरचं.) एकाच फाइलमध्ये समजावणारा मजकूर आणि पास्कलमधला कोड शेजारी शेजारी लिहायचा. ‘टँगल’ हा प्रोग्रॅम त्यातला कोड उपसून यंत्राला हव्या त्या क्रमाने लावतो. ‘वीव्ह’ त्याच फाइलचं पुस्तक विणतो, सूचीसकट. १९८६ साली टेकचा अख्खा कोड असाच, तेराशेहून अधिक तुकड्यांत, ग्रंथरूपाने छापला गेला. पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला क्नूथ २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश देत. २५६ सेंट म्हणजे सोळाच्या पटीत मोजणाऱ्यांचा एक डॉलर!

 

वेब आकाराला येत होतं त्याच सुमारास, १९८३ मध्ये, मुंबईचे पिजूष घोष यांचा भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेवरचा अहवाल क्नूथ यांच्या स्टॅनफर्डमधून निघाला. देवनागरीसाठी टेक सर्वांच्या हाती दिलं ते १९९१ मध्ये, नेदरलँड्सच्या फ्रान्स फेल्टहाउस यांनी. त्यांची युक्ती तीच दळणाची होती. मजकूर रोमन अक्षरांत टाइप करायचा, टिंब लावलेला ‘टी’ म्हणजे ट, बिनटिंबाचा म्हणजे त. मग एक छोटा प्रोग्रॅम तो वाचून टेकला समजेल अशी फाइल काढायचा. तेव्हा मराठी मजकूरही कोडसारखाच छपाईपर्यंत पोचत होता. पूर्वी निर्णयसागर छापखान्यात जावजी दादाजींच्या जुळाऱ्यांनी शेकडो खणांच्या केसमधून जोडाक्षरं उचलली. इथे ते काम प्रोग्रॅम करू लागला.

आता युनिकोडमुळे मराठी थेट टाइप होते, आणि नेमकी त्यामुळेच कोडच्या चौकटीत अडते. कार्स्टन हाइन्झ यांचं १९९६ पासूनचं ‘लिस्टिंग्ज’ हे लाटेकचं पॅकेज आजही सर्रास वापरलं जातं. ते प्रत्येक अक्षर सुटं करून ठरावीक रुंदीच्या खणात बसवतं. रोमनला हे चालतं. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर टाइप होते पण उमटते आधी. क्ष आणि र एका मापात मावत नाहीत. सुटं केलं की ‘किती’ची वेलांटी अधांतरी लटकते. कोड रंगवणाऱ्या पायगमेंट्स या प्रोग्रॅमवर चालणारं ‘मिंटेड’ हे पॅकेज अक्षरांची अशी फोडाफोड करत नाही, पण एकाच रुंदीत शोभेल असा देवनागरी फाँट तिथेही हवाच.

लिस्टिंग्जमध्ये उपाय आहे, आणि तो जुनाच आहे. ‘टेकसीएल’ (texcl) हा पर्याय चालू केला की टिप्पणीची ओळ खणांतून सुटते आणि साध्या मजकुरासारखी लाटेककडे जाते. मग झीलाटेकमध्ये, म्हणजे लाटेकच्या युनिकोड जाणणाऱ्या रूपात, मराठी टिप्पणी नीट जुळते. क्नूथ यांच्या वेबमध्ये टिप्पणी पहिल्यापासून टेकचाच मजकूर होती. तेव्हा मराठीत प्रोग्रॅमिंगचं पुस्तक करणाऱ्यांनी पानांवर कोडचे स्क्रीनशॉट डकवणं थांबवावं. चालणारी फाइलच जुळणीला द्यावी आणि टिप्पण्या बिनदिक्कत मराठीत लिहाव्यात.