लाचेचा बाजारभाव

संकेतस्थळावर मालाचा भाव पाहावा, विक्रेत्याविषयी मत नोंदवावे, ही आता नित्याची रीत. बंगळूरच्या ‘जनाग्रह’ संस्थेने १५ ऑगस्ट २०१० रोजी तीच रीत जरा खोडकरपणे सरकारी कचेऱ्यांस लावली. ‘आय पेड अ ब्राइब’, म्हणजे ‘मी लाच दिली’, या स्थळावर नागरिकाने कोणत्या कामासाठी, कोठे, किती पैसे मोजले ते लिहावयाचे; लाच नाकारणाऱ्यासही निराळा रकाना! आरंभी अधिकाऱ्याचे नाव मात्र गाळले जाई. सुडाला वाव न देता दर तेवढा उघडा करणारी ही युक्ती मज सरकारी नोकराला फिर्यादीहून बोचरी वाटते. कर्नाटकाचे तत्कालीन परिवहन आयुक्त भास्कर राव यांनी त्या नोंदी झिडकारल्या नाहीत. त्यांच्याच आधारे त्यांनी वाहनपरवान्याच्या कारभारात सुधारणा केल्या.