व्हर्जन कॅसेट : ओळख आणि जतन

गाजलेली गाणी मूळ गायकाऐवजी दुसऱ्या गायकाकडून नव्याने गाऊन घ्यायची आणि स्वस्तात विकायची, अशा कॅसेटला बाजारात 'व्हर्जन' म्हणत. 1980 नंतरची साधारण वीस वर्षे तिचा काळ होता. आपल्या इंदुरात तिला नावेही बरीच ठेवली गेली. लताबाईंचा जन्म 28 सप्टेंबर 1929 चा, तोही याच गावातला; त्यामुळे त्यांचे गाणे दुसऱ्या कुणी म्हटलेले इथे सहज खपवून घेतले जात नसे. तरीही कपाटे आवरताना बहुतेक घरांतून या कॅसेट निघतात आणि 'नकली माल' म्हणून रद्दीत जातात. ती घाई करू नये, एवढ्यासाठी ही माहिती.

स्वस्ताई कशामुळे?

फिलिप्स कंपनीने कॅसेट 1963 साली बाजारात आणली. त्याआधी घरी गाणी ऐकायची तर रेडिओ किंवा ग्रामोफोन. तबकडी महाग आणि जपायची वस्तू. मुलांना तिला हात लावायची परवानगी नसे. कॅसेट मात्र खिशात मावे आणि टू-इन-वनवर लागे. नावाजलेल्या कंपनीचा टू-इन-वन परवडला नाही, तर स्थानिक बाजारात जुळणी केलेला मिळे. त्यात मोटर, रबरी पट्टा, हेड आणि स्पीकर यांपलीकडे फारसे काही नसे.

अडचण गाण्यांची होती. जुन्या चित्रपटगीतांच्या बहुतेक मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क एचएमव्हीकडे होते. दिल्लीच्या गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने तीच गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली आणि मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली. पाठोपाठ इतरही कंपन्या उतरल्या. मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क विकत घ्यायचे नाहीत, नवोदित गायकाचे मानधन थोडे, फीत आणि डबी साधी, विक्री पानाच्या टपरीवर आणि किराणा दुकानातही. हिशेब सरळ होता. नफा एका कॅसेटवर कमी आणि खपावर जास्त.

ही चोरी होती का?

व्हर्जन आणि चोरटी कॅसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोरट्या कॅसेटमध्ये मूळ ध्वनिमुद्रणच परस्पर उतरवलेले असे. व्हर्जनला मात्र 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52 मध्ये वाट होती. गाण्याचे एकदा परवानगीने ध्वनिमुद्रण झालेले असेल, तर हक्कदाराला सूचना देऊन आणि ठरलेले मानधन भरून दुसऱ्याला ते नव्याने ध्वनिमुद्रित करता येई. 1994 च्या दुरुस्तीत मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन कॅलेंडर वर्षे थांबण्याची आणि वेष्टनाने गिऱ्हाइकाची दिशाभूल न करण्याची अट आली. 2012 च्या दुरुस्तीने हा विषय कलम 31सी मध्ये गेला. आता थांबायचे पाच वर्षे, दरवर्षी किमान 50,000 प्रतींचे मानधन भरायचे, वेष्टनावर मूळ गायकाचे नाव किंवा चित्र टाकायचे नाही आणि हे कव्हर व्हर्जन आहे असे छापायचे.

हे नियम पाळले गेले नसतील तिथे गीतकार-संगीतकारांचे नुकसान झाले, हे मान्य केलेच पाहिजे. पण सरसकट सगळ्या व्हर्जन कॅसेटना चोरीचा माल म्हणणे बरोबर नाही.

गायकांना काय मिळाले?

व्हर्जन ही गायकांची उमेदवारीची जागा होती. किशोरकुमारांची गाणी गाणारे कुमार सानू आणि रफींची गाणी गाणारे सोनू निगम पुढे स्वतःच्या नावाने मोठे झाले. बाबला मेहता मुकेश यांच्या गाण्यांसाठी ओळखले गेले. अनुराधा पौडवाल यांनी लताबाईंची गाणी गायली, तेव्हा त्यांचे स्वतःचे नाव आधीच झालेले होते. अनेकांची नावे मात्र वेष्टनावरच्या बारीक अक्षरांतच राहिली. अशा आवाजांचा माग या कॅसेटवरच लागू शकतो.

कशी ओळखायची?

वेष्टनावर चित्रपटाचे नाव मोठे आणि गायकाचे नाव बारीक असेल, आणि ते नाव मूळ गायकाचे नसेल, तर ती व्हर्जन. कंपनीचे नाव-पत्ता नाही, छपाई पुसट आहे, तर ती बहुधा चोरटी. शंका असल्यास कान हा उत्तम परीक्षक. मी हौसेने आणलेली पहिली कॅसेट लावली, तेव्हा आईने पहिल्या ओळीलाच विचारले होते, "ही लता नाही ना रे?" मी वेष्टन पुन्हा वाचले. नव्हती.

टाकून देण्यापूर्वी

आता मुख्य मुद्दा. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन चौकोनी खाचा असतात. विकतच्या कॅसेटमध्ये त्या उघड्या असतात, म्हणजे तिच्यावर रेकॉर्डिंग होत नाही. खाचेवर चिकटपट्टी लावलेली किंवा कागदाचा बोळा कोंबलेला दिसला, तर तिच्यावर कुणीतरी घरी रेकॉर्डिंग केलेले असण्याची दाट शक्यता आहे. बाजू समोर धरल्यावर डावीकडची खाच त्या बाजूची. महागाची कॅसेट कुणी पुसत नसे. पुसली जाई ती स्वस्तातली व्हर्जन. त्यामुळे घरातले जुने आवाज नेमके तिच्यावर सापडतात.

ऐकण्यापूर्वी एवढे करावे :

1. कॅसेट घालण्याआधी हेड कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावे आणि सुकू द्यावे.
2. सैल झालेली फीत सहा कोनांची पेन्सिल भोकात घालून हळूच ताणून घ्यावी.
3. फितीमागचा फेल्टचा छोटा तुकडा जागेवर आहे का पाहावे. तो गळला असेल तर आवाज दबका येतो.
4. गाणे संथ आणि जाड आवाजात येत असेल तर आधी यंत्राचा रबरी पट्टा तपासावा. दोष बहुधा कॅसेटचा नसतो.
5. आवाज नीट आला की यंत्राच्या हेडफोनच्या जागेतून वायर संगणकाच्या लाइन-इनला जोडून तो उतरवून घ्यावा. संगणकावर आवाज आधी अगदी कमी ठेवावा.
6. मूळ कॅसेट पूर्ण गुंडाळून, डबीत उभी, स्पीकर आणि उन्हापासून लांब ठेवावी.

आमच्या त्या कॅसेटच्या एका खाचेवर चिकटपट्टी होती. तिच्या दुसऱ्या बाजूला आईने आणि शेजारच्या काकूंनी म्हटलेली भोंडल्याची गाणी निघाली. मध्ये कुकरची शिट्टी आणि "अरे, बंद कर ते" असा तिचा आवाज. आईचे दुसरे ध्वनिमुद्रण आमच्याकडे नाही. म्हणून विनंती एवढीच की, रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी खाचा बघा.