हात कुणाचे धुवायचे?

गेल्या वर्षी रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात बहिणीच्या बाळाला बघायला गेलो होतो. बाळ तीन दिवसांचं. काका एस्टीतून उतरले ते थेट वॉर्डात. आधी डॉक्टरांशी हस्तांदोलन, मग बाळाचा गालगुच्चा. कुणी ब्र काढला नाही. तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी कौतुकाने जवळ आल्या, बेसिनवर साबणाने हात धुऊन. आमची आत्या लगेच, "लांबून बघ गो!"

तेव्हापासून हे डोक्यात आहे.

२०१४ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक लेख आला: रुग्णालयात हस्तांदोलन बंद करा. (तीन लेखकांत एक नाडकर्णी!) पर्याय म्हणून त्यात नमस्तेही होतं. करोनात तर 'जगाने आपला नमस्कार घेतला' म्हणून आपण व्हॉट्सअ‍ॅप भरून टाकलं. नमस्कार चांगलाच, वॉर्डात मीही तोच करतो. पण आपल्या पूर्वजांनी लांब राहायची रीत जंतू ओळखून पाडली, असं कुणी म्हणालं की मला गप्प बसवत नाही. महारांनी लांबूनच 'जोहार' घालायचा, तो काय जंतूंसाठी? सगळ्या जातींना एकत्र गाभाऱ्यापर्यंत जाता यावं म्हणून याच रत्नागिरीत १९३१ साली वेगळं पतितपावन मंदिर उभं करावं लागलं. सावरकरांचा पुढाकार, पैसा भागोजीशेठ कीरांचा.

रुग्णालयातल्या स्पर्शाची गोष्ट नेमकी उलटी आहे. १८४७ सालचं व्हिएन्ना. तिथल्या प्रसूतिगृहात डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला येत. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावल्या. मे महिन्यात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं, आणि जूनमध्ये हा आकडा दोनवर आला. जंतूंमुळे रोग होतात हा शोध तेव्हा लागायचा होता. तरी बड्या डॉक्टरांना राग आलाच. आपल्यासारख्यांचे हात घाण असतील, हे कोण मानणार? विटाळ मानणारा घाण समोरच्याच्या अंगावर बघतो. सेमेलवाइसला ती स्वतःच्या हातांवर सापडली.

बारशाला काका पुन्हा आले. मी त्यांना आधी बेसिन दाखवलं.

"आम्ही काय परके काय रे?"

रागावले. पण धुतले.