खोबरेल : स्वयंपाक व बेकिंगमधील उपयोग आणि पर्याय

खोबरेल म्हणजे नारळाच्या वाळलेल्या खोबऱ्यापासून घाण्यावर किंवा गिरणीत काढलेले तेल. ताज्या नारळाच्या दुधापासूनही ते काढतात. ओल्या खोबऱ्यात निम्म्याच्या आसपास पाणी आणि साधारण एक तृतीयांश तेल असते. उन्हात किंवा धुरीवर वाळवून पाणी ६ टक्क्यांवर आणले की तेलाचा वाटा ६० ते ६५ टक्क्यांवर जातो आणि मगच ते खोबरे घाण्यात घालण्याजोगे होते. घाण्याच्या तेलाला खोबऱ्याचा वास असतो, रिफाइंड तेलातून तो काढून टाकलेला असतो. दोन्ही तेले २४-२५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात. पाककृतीत खोबरेल सांगितलेले असते आणि घरात नसते, किंवा डॉक्टरांनी कमी करायला सांगितलेले असते, तेव्हा ‘त्याऐवजी काय घालू?’ हा प्रश्न पडतो. तेलांची नुसती यादी समोर ठेवून तो सुटत नाही. एकच खोबरेल कालवणावर सुगंध म्हणून येते, कढईत उष्णता पोचवते आणि पिठात मोहन होऊन बसते. ही तीन कामे निराळी आहेत. म्हणून पर्याय शोधताना आधी तेलाने त्या पदार्थात कोणते काम केले ते पाहावे आणि त्या कामाला माणूस शोधावा तसा स्निग्ध पदार्थ शोधावा, अशी या नोंदीची भूमिका आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न आणखी एका कारणाने अवघड होतो. घाटावर खोबरेल हे डोक्याला लावायचे तेल आहे. फोडणीला शेंगदाण्याचे, सोलापूर-मराठवाड्याकडे करडईचे तेल वापरण्याची जुनी रीत आहे. दक्षिण कोकणात, गोव्यात आणि त्याखाली कारवार-केरळपर्यंत तेच तेल ताटात येते. केस की ताट, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लहान बाटल्यांत विकले जाणारे शुद्ध खोबरेल हे खाद्यतेल मानायचे की केशतेल, यावर कराचा दर ठरत होता. जीएसटीत खाद्यतेलाला ५ टक्के आणि केशतेलाला तेव्हा १८ टक्के कर होता. बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केशतेल ठरत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिला. सप्टेंबर २०२५ पासून केशतेलाचा करही ५ टक्क्यांवर आला. ग्राहकाने मात्र लेबल वाचायलाच हवे. खाद्यतेल म्हणून विकलेल्या बाटलीवर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असतो. केसांसाठी म्हणून विकलेल्या तेलात सुगंधी द्रव्ये किंवा खनिज तेलही असू शकते आणि ते स्वयंपाकात कधीही घेऊ नये.

सुगंधाचे काम आधी घेऊ, कारण तिथेच खोबरेल सर्वांत एकटे आहे. केरळच्या अवियलमध्ये भाज्या शिजल्या, वाटण आणि दही मिसळले, की आच बंद करून वरून कढीपत्ता आणि कच्चे खोबरेल सोडतात आणि झाकण ठेवतात. सारस्वतांच्या कित्येक भाज्यांवर आणि घट्ट आमट्यांवरही असेच चमचाभर तेल शेवटी सोडले जाते. तेलातली लॅक्टोन गटातली सुवासिक द्रव्ये वाफेबरोबर वर येतात. फोडणीत जाळली असती तर ती बरीचशी उडून गेली असती, म्हणूनच हे तेल कच्चे राहते. इथे सूर्यफुलाचे तेल घातले तर स्निग्धता येते, वास येत नाही. शेंगदाण्याच्या घाण्याच्या तेलाला वास आहे, पण तो पिठल्याचा आणि भरल्या वांग्यांचा वास आहे, अवियलचा नव्हे. रिफाइंड खोबरेल घालणे तर नावापुरतेच. घट्ट नारळाचे दूध किंवा किंचित परतलेला चव घातल्यास वासाच्या जवळपास जाता येते, पण पदार्थ गोडसर आणि दाट होतो. थोडक्यात, या कामाला पर्याय नाही, आणि नाही तो नाहीच म्हणावे हे बरे.

तळणीत उलट स्थिती आहे. तेथे तेलाचे काम उष्णता पोचवण्याचे असते आणि ते काम करणारी तेले अनेक आहेत. घाण्याचे खोबरेल १७५ अंशांच्या आसपास धुरावू लागते, रिफाइंड २०० अंशांच्या वरपर्यंत टिकते. रव्यात घोळवलेला बांगडा मंद आचेवर तव्यात परतायला घाण्याचे तेल चालते, पुऱ्यांच्या कढईला नाही. खोबरेलात बहुअसंपृक्त मेदाम्ले जेमतेम २ टक्के असल्याने तापवल्यावर त्याचे ऑक्सिडीकरण सावकाश होते, ही त्याची जमेची बाजू. केरळी केळ्याचे काप या तेलात तळल्यावर बरेच दिवस चांगले राहतात त्यामागे हेच कारण आहे. पण पाण्याशी त्याचे जमत नाही. ओलसर पदार्थ पुन्हा पुन्हा तळले की पाण्यामुळे मेदाम्ले सुटी होतात, आणि खोबरेलातले सुटे लॉरिक आम्ल जिभेला साबणासारखे लागते. साबण करायला हे तेल इतके सोयीचे का, याचा उलगडाही यातच आहे. दुसरे म्हणजे, उरलेल्या खोबरेलात दुसरे तेल मिसळून कढई भरली तर तळताना फेस येतो. म्हणून तळणीत अर्धे हे अर्धे ते करू नये. पूर्ण रिफाइंड शेंगदाण्याचे तेल घ्यावे. मासा तितकाच कुरकुरीत होतो, वासाचा फरक तेवढा राहतो.

खोबरेलाची खरी परीक्षा पिठात होते. करंजीच्या किंवा शंकरपाळ्यांच्या मैद्यात कडकडीत तापवून घातलेले तूप वा तेल म्हणजे मोहन. ते पिठाच्या कणांना लेपून बसते, पाणी घातल्यावर मैद्याचे चिवट जाळे जमू देत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. मोहन चोळलेले पीठ मुठीत दाबल्यावर मुटका राहिला की मोहन पुरले, ही कसोटी घरोघरी आहे. या कामी वितळलेले खोबरेल तुपाच्या जागी वजनास वजन चालते, कारण स्निग्ध पदार्थ पिठाला लागतो तोच मुळी पातळ असताना. साटा आणि नानकटाई यांचे गणित वेगळे आहे. तिथे तूप परातीत तळहाताने पांढरे आणि हलके होईपर्यंत फेसतात. फेसताना अडकलेले हवेचे बारीक बुडबुडे भट्टीत फुगतात आणि नानकटाई तोंडात विरघळते. हवा धरून ठेवायला स्निग्ध पदार्थ दगडासारखा घट्ट नको आणि पाण्यासारखा पातळही नको. लोणी आणि तूप यांत कमी-जास्त तापमानाला वितळणारे घटक एकत्र नांदतात, म्हणून ती बऱ्याच अंशांच्या टप्प्यात मऊ राहतात. खोबरेलात एकट्या लॉरिक आम्लाचाच वाटा ४५ ते ५० टक्के असतो, त्यामुळे ते एकदम गोठते आणि एकदम वितळते. पुण्यातल्या जानेवारीच्या सकाळी बाटलीच्या तोंडाशी गोठलेले तेल चमच्याच्या दांड्याने टोकरून काढावे लागते किंवा बाटली उन्हात ठेवावी लागते. मुंबईच्या एप्रिलात तेच तेल फेसायला घेतले तर परातीत नुसते डचमळते. फेसायचेच असेल तर भांडे फ्रिजमध्ये ठेवून कडेने पांढरी साय धरू लागताच बाहेर काढावे, भरभर फेसावे, आणि वळलेल्या नानकटाया भाजण्याआधी पुन्हा गार कराव्यात. नाहीतर भट्टीत शिरताच तेल सुटते आणि नानकटाई ट्रेमध्ये पसरते. एवढी उस्तवार करायची नसेल तर नानकटाईला तूप हेच योग्य.

केकमध्ये चूक बहुधा पाण्याच्या हिशेबात होते. लोण्यात किमान ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असते, खोबरेल जवळजवळ निव्वळ स्निग्ध असते. म्हणून १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम खोबरेल आणि मोठा चमचाभर दूध किंवा पाणी घ्यावे. बरोबरीने १०० ग्रॅम तेल घातले की केक तेलकट होतो आणि दोष भट्टीला लागतो. दुसरी चूक तापमानाची. फ्रिजमधून काढलेली अंडी किंवा गार दूध वितळलेल्या खोबरेलात ओतले की ते तिथल्या तिथे गोठून मिश्रणात पांढऱ्या कण्या दिसू लागतात. त्या कण्या भट्टीत वितळून केकला तेलकट भोके पाडतात. सगळे जिन्नस खोलीच्या तापमानाला आणले तर हे टळते. गाजराच्या किंवा केळ्याच्या केकमध्ये स्निग्ध पदार्थ पातळच घालायचा असतो, हवा भरण्याचे काम सोड्याकडे असते. तिथे खोबरेलाऐवजी सूर्यफुलाचे किंवा रिफाइंड शेंगदाण्याचे तेल तेवढ्याच वजनाने घालावे. उलट लाभच होतो. फ्रिजमध्ये ठेवलेला खोबरेलाचा केक घट्ट होतो, सूर्यफुलाचा मऊ राहतो. दूध वर्ज्य असलेल्यांसाठी लोण्याच्या जागी खोबरेल घेतात तेव्हा ते स्वतःच पर्याय असते आणि वरचे हिशेब त्यालाही लागू होतात.

कोकणाच्या घरचा म्हणता येईल असा एक पर्याय म्हणजे कोकमाचे तेल, म्हणजे मुठेल. गोव्यात त्याला भिरंडेल म्हणतात. रातांब्याच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर येणारा स्निग्धांश काढून घेतात आणि मुठीत वळून त्याचे गोळे करतात. तो ४० अंशांच्या आसपास वितळतो, म्हणजे कोकणच्या उन्हाळ्यातही घट्ट राहतो. आज तो पायांच्या भेगांपुरता उरला असला तरी खाद्य आहे, आणि शुद्ध केलेला कोकमाचा मेद चॉकलेट उद्योगात कोको बटरच्या जागी वापरतात. तो मेणासारखा कडक असल्याने फेसता येत नाही, मोहनाला वितळवून घालता येतो. त्याची एवढी उपेक्षा व्हावी याचे वाईट वाटते.

कामावरून पर्याय ठरवण्याच्या या पद्धतीवर एक गंभीर आक्षेप आहे. वनस्पती तूप हे असेच कामावरून शोधलेले होते. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. तेलात हायड्रोजन भरून ते तुपासारखे रवाळ आणि घट्ट केलेले होते, फेसायला उत्तम, किमतीला स्वस्त. तुपात त्याची भेसळ ओळखता यावी म्हणून त्यात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे बंधनकारक होते. काम त्याने चोख केले, पण अर्धवट हायड्रोजनीकरणात तयार होणारी ट्रान्स मेदाम्ले एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतात आणि एचडीएल घटवतात, हे पुढे सिद्ध झाले. भारतात तेले व वनस्पतींतील ट्रान्स मेदाची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि २०२२ पासून २ टक्के झाली. आक्षेप मान्य करावा लागतो. काम जमते एवढे पुरेसे नाही, ते किती खाल्ले जाते तेही मोजले पाहिजे. मात्र कामाचा विचार सोडून दिल्याने हा दोष दूर होत नाही, त्यात मोजमापाची भर घातल्याने होतो.

ते मोजमाप खोबरेलालाही लावले पाहिजे. त्यात संपृक्त मेद ९० टक्क्यांच्या घरात आहे, तुपात ६० ते ६५, शेंगदाण्याच्या तेलात २० च्या आतबाहेर आणि करडईच्या तेलात १० च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना संपृक्त मेद एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपर्यंत ठेवायला सांगते. २००० कॅलरी खाणाऱ्याला ते दिवसाला सुमारे २२ ग्रॅम होतात, आणि खोबरेलाच्या एका मोठ्या चमच्यात ११-१२ ग्रॅम निघतात. ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात २०२० मध्ये १६ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल डेसिलिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅमने वाढले, एचडीएलही सुमारे ४ मिलिग्रॅमने वाढले. यावर सांगितले जाते की खोबरेलातली मध्यम साखळीची मेदाम्ले शरीर लगेच जाळते. हे कॅप्रिलिक आणि कॅप्रिक आम्लांबाबत ठीक आहे, पण खोबरेलात ती दोन्ही मिळून १५ टक्क्यांच्या आत असतात. लॉरिक आम्लाचा बराच भाग लांब साखळीच्या मेदासारखा शोषला जातो. प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ बेटांचा दाखलाही दिला जातो. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथल्या लोकांची ६३ टक्के ऊर्जा नारळातून येत होती आणि हृदयविकार विरळ होता. पण ते लोक अख्खा नारळ आणि मासे खात होते, साखर फार कमी होती आणि दिवसभर कष्ट होते. बाटलीतल्या तेलाला आणि बैठ्या शहरी माणसाला तो दाखला लागू करणे चुकीचे आहे. याच्या उलट खोबरेल हे विषच, असे म्हणणारेही मात्रा विसरतात.

आणि मात्रेचा हिशेब मांडला की कामांचा हिशेबही त्याच बाजूला झुकतो. जिथे खोबरेलाला पर्याय नाही तिथे ते थोडेच लागते, जिथे पुष्कळ लागते तिथे पर्याय आहेत. चार माणसांच्या भाजीवर शेवटी सोडायला दोन छोटे चमचे, म्हणजे नऊ-दहा ग्रॅम पुरतात. पाव किलो मैद्याच्या नानकटाईला सव्वाशे ते दीडशे ग्रॅम स्निग्ध पदार्थ लागतो आणि तळणीच्या कढईला त्याहून जास्त. घाण्याचे चांगले खोबरेल लहान बाटलीत आणावे, ओला चमचा घालू नये, खवट वास येण्याआधी संपवावे, आणि ते भाजीवर सोडण्यासाठी राखून ठेवावे.