पहिल्या पगाराआधीची उधारी

१८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी एक निवेदन तयार केले. पुढाकार नारायण मेघाजी लोखंडे यांचा होता आणि पाठीशी सुमारे साडेपाच हजार कामगार होते. आठवड्याला एक सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विसावा हवा, कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई हवी, अशा मागण्या त्यात होत्या. त्यांच्याच रांगेत आणखी एक मागणी होती: मागल्या महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. सुट्टीची मागणी १८९० साली मान्य झाली आणि इतिहासात तिचा गाजावाजाही झाला. पगाराच्या तारखेची मागणी मात्र मागे पडली. गावाहून नुकत्याच आलेल्या पोराच्या दृष्टीने खरा जीव या दुसऱ्या मागणीत होता.

हिशोब साधा आहे. जूनच्या एक तारखेला कामाला लागलेल्या मुलाला जूनचा पगार जुलैच्या मध्याआधी मिळत नसे. म्हणजे सहा आठवडे घाम गाळायचा आणि तेवढे दिवस खायचे, राहायचे, कपडे धुवायला साबण आणायचा, ते सगळे उसनवारीवर. मध्येच काम सोडले तर राहिलेल्या पगारावर पाणी सोडावे लागे. त्यामुळे अडकलेला पगार म्हणजे मालकाच्या हातातला लगामच होता. आयुष्यातली पहिली कमाई हाती येण्याआधी आयुष्यातले पहिले कर्ज डोक्यावर बसलेले असे.

हे पोर यायचे कुठून? मुख्यतः कोकणातून. १९११च्या शिरगणतीत मुंबईच्या दर पाच रहिवाशांमागे एक जण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात मोडत असे. दहा वर्षांनी, १९२१ साली, शहरातले ८४ टक्के लोक शहराबाहेर जन्मलेले होते. खोताची जमीन, भावाभावांत वाटून उरलेले तुकडे, पावसाळ्यानंतर रिकामे हात, ही कोकणातली अडचण. घाटावरून सातारा, कोल्हापूर, जुन्नर, संगमनेरकडची मुले आली, त्यामागे दुष्काळ आणि सावकार होते. महार तरुणांसाठी लष्कराचा जुना रस्ता १८९०च्या दशकात इंग्रज सरकारने बंद केला, तेव्हा त्यांनाही गिरणी आणि गोदीकडे वळावे लागले. कोकणातला मुलगा बोटीने धक्क्यावर उतरे आणि घाटावरचा आगगाडीने बोरीबंदर किंवा दादरला. खांद्यावर वळकटी, हातात पत्र्याची ट्रंक आणि गावातल्या कुणाचा तरी पत्ता, एवढीच शिदोरी.

तो पत्ता फार मोलाचा होता, कारण गिरणीच्या दारात ओळखीशिवाय कुणी उभे करत नसे. भरती करणारा मुकादम. तो ज्याला बोलावील त्याला काम, नाही म्हणेल त्याला दुसरे फाटक. त्याच्या हातावर दस्तुरी ठेवावी लागे आणि सणावाराला त्याला खूशही ठेवावे लागे. कित्येक मुकादम स्वतःच व्याजाने पैसे देत, कुणाची खोल्यांवर मालकी असे, कुणाची खानावळीत भागी. काम, खोली आणि कर्ज अशा तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मुठीत गेल्या की नव्या मुलाला त्याच्याविरुद्ध ब्र काढणेही जड जाई.

काम मिळाले तरी कुठल्या खात्यात मिळते यावर पुढची सगळी कमाई ठरे. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार चांगला होता. पण धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी भरून विणकराला धोट्याच्या भोकाला ओठ लावून श्वासाने धागा बाहेर ओढावा लागे. एका साच्याचा धोटा दुसऱ्याही कामगाराच्या तोंडाशी जाई. तेवढ्या कारणावरून स्पृश्य कामगार अस्पृश्यांना साचेखात्यात पाय ठेवू देत नसत. तरुण, धट्टाकट्टा, शिकायला तयार असलेला महार मुलगा कमी पगाराच्या सूतखात्यात अडकून पडे. १९२८च्या मोठ्या संपात दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर होते, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याचा प्रश्न लावून धरला. मालकाशी लढताना आपल्याच माणसाचे दार बंद ठेवणाऱ्या एकजुटीला त्यांनी जाब विचारला.

स्त्रियांची वाट आणखी अरुंद होती. १९२०च्या दशकात गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती, आणि बहुतेकींना सूत गुंडाळण्याच्या खात्यांतच जागा मिळे. त्यांच्यावर मुकादमाच्या जागी नायकीण असे. यंत्रे सुधारली, पाळ्या वाढल्या, तशी पहिली कुऱ्हाड या खात्यांवर पडली आणि पुढच्या काही दशकांत बायका गिरणीबाहेर फेकल्या गेल्या. त्यांतल्या अनेकींनी पोटासाठी काय केले, ते पुढे येतेच.

रात्री पाठ टेकायला जागा हवी, तो प्रश्न नोकरीइतकाच बिकट होता. १८९६च्या प्लेगनंतर सरकारने शहर सुधारणेसाठी ट्रस्ट नेमला, १९२०च्या दशकात नायगाव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडी इथे सरकारच्या विकास खात्याच्या, म्हणजे बीडीडीच्या, चाळी उठल्या. २०७ इमारती, प्रत्येकीत ८० खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. दगडाविटांऐवजी काँक्रीटच्या भिंती, मजल्यावर सामायिक नळ आणि संडास. पण भाडे कामगाराला झेपणारे नव्हते. म्हणून माणसे फूटपाथवर झोपत असताना यांतल्या बऱ्याच खोल्या सुरुवातीला रिकाम्या पडून होत्या. वरळीच्या चाळींचा उपयोग तर सविनय कायदेभंगाच्या काळात सत्याग्रहींना डांबायला झाला.

हा प्रश्न सोडवला गावकीने. गावातल्या वीस-पंचवीस जणांनी वर्गणी काढून एक खोली घ्यायची. प्रत्येकाची ट्रंक भिंतीला, कपडे दोरीवर, गावदेवाची तसबीर कोनाड्यात. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की त्याच्या जागी रात्रपाळीहून आलेला आडवा व्हायचा. ज्यांना जागा पुरत नसे ते गॅलरीत, जिन्यात किंवा पावसाळा नसेल तर रस्त्याकडेला पथारी टाकत. पाणी भरण्याच्या, केर काढण्याच्या पाळ्या ठरलेल्या आणि महिन्याचा हिशोब वहीत लिहिलेला. नव्याने आलेल्या पोराकडून पहिले एक-दोन महिने भाडे मागायचे नाही, असा गावकऱ्यांचा रिवाज असे. ज्याने त्याला गावाहून आणले तो त्याच्या वागण्याला जामीन. कोल्हापूरच्या आजरा आणि चंदगडपासून रत्नागिरीपर्यंतच्या गावांनी गिरणगावात अशा खोल्या उभ्या केल्या. बँकेत पत नसलेल्या माणसांनी एकमेकांना पत दिली ती इथे.

जेवणाची सोय खानावळीत. हॉटेलासारखी पाटी तिथे नसे. चाळीतल्याच एखाद्या खोलीत कुणी विधवा, कुणी आजारी नवऱ्याची बायको, कुणी गिरणीतून काढली गेलेली बाई पंधरा-वीस माणसांचे दोन वेळचे करी. पहाटे तीन-चारला चूल पेटायची, कारण पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत भाकऱ्या तयार हव्यात. मग दुसऱ्या पाळीचे पान, मग रात्रीचे. आठवड्यातून एखाद-दोनदा बांगडा किंवा मटण. पैसे महिन्याने, पगार झाल्यावर. पगार लांबला तर पैसे लांबले. नवा पोर काम शोधतोय तोवर त्याचे पान वहीवर मांडलेले असे.

ती बाई धान्य कुठून आणायची? वाण्याकडून, उधारीवर. वाणी अडून बसला की कानातले किंवा मंगळसूत्रातले मणी गहाण पडत. गिरणीमालक कामगाराचा पगार सहा आठवडे स्वतःकडे ठेवू शकत होता, कारण तेवढे दिवस त्या कामगाराला कुणीतरी पदरमोड करून जेवू घालत होते. भारतातल्या सर्वांत मोठ्या कापडधंद्याला महिन्या-दीड महिन्याचे बिनव्याजी भांडवल लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोल्यांतून पुरवले जात होते. हिशोबाच्या कुठल्याही वहीत या बायकांचे नाव भांडवलदार म्हणून लागले नाही. त्यांच्यावाचून गिरण्यांना मजूर टिकवून धरता आले नसते, एवढे नक्की.

जिथे ओळखीची उधारी संपे, तिथे व्याज सुरू होई. सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ साली मुंबईतल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत साधारण ५२ रुपये निघाली आणि ४७ टक्के कुटुंबे कर्जात आढळली. व्याजाचा नेहमीचा दर रुपयामागे महिन्याला एक आणा. म्हणजे वर्षाला ७५ टक्के. मुकादमाची दस्तुरी आणि पहिल्या महिन्याचा खर्च म्हणून वीस रुपये उचलले, तर महिन्याला सव्वा रुपया नुसते व्याज. वर्षभरात पंधरा रुपये जाऊन मुद्दल वीसच्या वीस शिल्लक. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर काठी घेऊन पठाण उभा असे तो याच वसुलीसाठी. शिवाय गावाला मनिऑर्डर गेलीच पाहिजे, कारण तिथे आई-बाप त्या पैशांवर खोताचा वाटा भागवत असत. यातून वाचलेल्या पैशात लग्न करायचे आणि बायकोला मुंबईत आणायचे, हे कित्येकांना अनेक वर्षे जमले नाही. बायको गावाकडे शेत राखायची आणि नवरा शिमग्याला, गणपतीला पाहुण्यासारखा यायचा.

ज्याच्या मागे गावकी नाही, त्याचे काय होई? नारायण सुर्वे यांचे बालपण त्याचे उत्तर देते. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने अनाथ अर्भक घरी आणून वाढवले. पुढे निवृत्त होऊन गंगाराम कोकणात परतले, तेव्हा चौथीपर्यंत शिकलेल्या या मुलाच्या हातावर दहा रुपये होते. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणी, शाळेतला शिपाई अशी पायरी पायरी चढत ते शिक्षक झाले आणि मराठीचे मोठे कवी झाले. अण्णाभाऊ साठे १९३१ साली वाटेगावहून कुटुंबासह पायी मुंबईला आले आणि पडेल ते काम करत वाढले. या दोघांची नावे उरली. त्यांच्याच वयाच्या हजारोंनी तीच सुरुवात केली आणि ते तिथेच थांबले.

लोखंड्यांच्या मागणीला कायद्याचे रूप आले १९३६ साली. पगार वाटप कायद्याने ठरवले की हजाराहून कमी कामगार असतील तिथे महिना संपल्यापासून सात दिवसांत आणि त्याहून मोठ्या कारखान्यांत दहा दिवसांत पगार द्यावा. मनमानी दंडालाही चाप बसला. विणताना बिघडलेले कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून कापण्याची रीत होती, तीही आटोक्यात आली. निवेदनापासून कायद्यापर्यंत ५२ वर्षे गेली. तेवढ्यात कामगारांच्या दोन पिढ्या दीड महिन्याची पहिली उधारी फेडून म्हाताऱ्या झाल्या.

त्याच सुमारास, १९३५ साली, मालक संघाने बदली कामगारांची पद्धत नियमात बसवली. मुकादमाची मनमानी मोडावी म्हणून बदलीला कार्ड मिळाले. त्याने रोज पाळीच्या वेळी फाटकावर हजर राहायचे, कुणी गैरहजर असेल तर त्या जागी काम, नाहीतर घरी परत. उद्देश चांगला होता, पण तरुणाची उमेदवारी त्यातून संपेना. महिन्याला दहा-बारा दिवस काम मिळणारा बदली वर्षानुवर्षे बदलीच राही. खानावळीचे पान मात्र तीसही दिवस लागे. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा मागण्यांमध्ये बदलींना कायम करण्याची मागणी होती. संपाच्या आगेमागे तरुण कामगार एवढ्या त्वेषाने उभे राहिले त्याचे एक कारण तिथे आहे.

त्याआधी सात वर्षे खानावळवाल्या बायका स्वतःसाठी उभ्या राहिल्या होत्या. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि मुंबईत कामगार चळवळीत रुळलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, पण तारण नसलेल्या बाईला कर्ज देण्याची बँकेला सवय नव्हती. प्रेमाताईंनी बायकांचे गट केले आणि एकमेकींची हमी हेच तारण मानायला बँकेला लावले. पहिल्या गटात १४ जणी होत्या. बँकेच्या दराने मिळालेल्या त्या कर्जातून वाण्याची उधारी फिटली आणि गहाण डाग सुटले. गावकीच्या खोलीत पुरुषांनी जी पत एकमेकांना दिली होती, ती आता बायकांनी कागदावर आणली. १९८२च्या संपात कामगार गावाला निघून गेले आणि खानावळींची मोठी बाकी बुडाली. त्या तडाख्यातून सावरायला अनेकींना डबे, पोळ्या आणि मसाल्यांच्या कामांचा आधार मिळाला तो मंडळामुळे.

गिरण्यांच्या जागी आज मॉल आणि कचेऱ्या आहेत. गावकीच्या काही खोल्या मात्र डिलाईल रोड, लालबाग परिसरात टिकून आहेत आणि आजरा-चंदगडकडचा मुलगा कुरिअरच्या किंवा सुरक्षारक्षकाच्या कामासाठी अजूनही तिथे वळकटी टाकतो. चाळींचा पुनर्विकास सुरू झाल्यावर या खोल्यांपुढे नवा पेच उभा आहे: कागदावर एक भाडेकरू आणि वहीत चाळीस गावकरी, तर मिळणारे घर कुणाच्या नावावर लावायचे? काही गावांनी मंडळांची नोंदणी करून हक्क सांगितला आहे. शहरात पहिले पाऊल टाकणाऱ्यांसाठी शंभर वर्षांपूर्वी उभी राहिलेली ही सोय पुढच्या मुलांना मिळेल की नाही, ते त्या दाव्यांच्या निकालावर अवलंबून आहे.